शिवलेली नऊवारी घरी शिवताय? मग माप उभं राहून नाही, बसून घ्या

(या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना हातात टेप आणि वही धरणं जमत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, म्हणून बोललेलं जवळपास तसंच उतरवलं आहे. मापांची यादी शेवटी दिली आहे. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

मी पिरंगुटहून बोलतेय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागून पत्र्यावरचा आवाज आला तर समजून घ्या.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आला. श्रावण जवळ आला की तेच सुरू होतं. ढोल पथकाचा सराव सुरू झालाय, गणपतीत नऊवारी घालायचीय, विकतची नीट बसत नाही, बाहेर शिवायला टाकली तर वेळेत मिळेल याची खात्री नाही. मग घरी मशीन आहे, आईची नाहीतर काकूची, तर स्वतःच शिवता येईल का? येईल. पण कात्री हातात घेण्याआधी अर्धा तास मापांना द्यावा लागेल, आणि आजचा अख्खा भाग त्या अर्ध्या तासाबद्दल आहे. कटिंग आणि शिलाई पुढच्या वेळी.

आधी माझी फजिती

मागच्या वर्षी मी तयार शिवलेली नऊवारी आणली होती. वर लिहिलेलं 'फ्री साइज'. घरात घालून आरशासमोर उभी राहिले, झकास दिसत होती. कंबर बरोबर, लांबी बरोबर, निऱ्या छान पडलेल्या. फोटो काढले, स्टेटसला टाकले. मिरवणुकीच्या दिवशी कमरेला ढोल बांधला, पहिला अर्धा तास मजेत गेला. मग पडलेली टिपरू उचलायला खाली वाकले आणि मागून चर्र असा आवाज! आसनाची शिवण गेली. उरलेली मिरवणूक मैत्रिणीची ओढणी कमरेला गुंडाळून काढली. ढोल वाजवायचं सोडून माझं सगळं लक्ष मागेच.

घरी आल्यावर आत्याला दाखवलं. आमची आत्या पौडला राहते आणि वीसेक वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस शिवते. तिने शिवण पाहिली आणि म्हणाली, "शिलाई वाईट नाही गं. हे माप उभ्या बाईचं आहे. तू नाचलीस."

आजच्या भागातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नऊवारीचं माप उभ्या अंगाचं नसतं, हलत्या अंगाचं असतं.

आजीच्या लुगड्याला माप का लागत नव्हतं?

माझी आजी अजून लुगडं नेसते. एकदा तिला विचारलं, "आजी, तुझ्या कमरेचं माप किती?" तर म्हणते, "लुगडं कुठं माप इचारतंय?"

खरंच आहे. न शिवलेली नऊवारी म्हणजे ९ वार सलग कापड. एक वार ३६ इंचांचा, म्हणजे एकूण ३२४ इंच, साधारण सव्वाआठ मीटर. त्यात कात्री नाही, बटण नाही, नाडी नाही. आमच्या मुळशीत आंबेमोहोराची लावणी असते तेव्हा गुडघाभर चिखलात बायका दिवसभर वाकून काम करतात. लुगडं वर खोचलेलं, काष्टा मागे घट्ट. बसायचं असलं की दोन बोटांनी काष्टा सैल करायचा, चालायचं असलं की परत ओढून घ्यायचा. पोट भरलं, गाठ सैल केली. बाळंतपणानंतर अंग बदललं, तरी लुगडं तेच. म्हणजे माप घेतलंच जात होतं, फक्त रोज नेसताना, बोटांनी, आणि दिवसातून दहादा.

आपण तीच नऊवारी शिवून टाकतो तेव्हा काय करतो? बोटांचं ते काम एकदाच, कायमचं, टिपेत बांधून टाकतो. मग बोटांना जे माहीत होतं ते सगळं आधी कागदावर यायला हवं. बसल्यावर किती लागतं, वाकल्यावर किती, मांडी घातल्यावर किती. ते कागदावर आलं नाही, तर शिवण जाणारच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. स्कॉटलंडचा किल्ट पाहिलाय ना? बॅगपाइप वाजवणारे लोक घालतात तो, किंवा 'आउटलँडर' मालिकेत दिसतो तो, चौकड्याचा, मागे प्लेट्स असलेला. तोही मुळात न शिवलेलाच होता. मोठं लोकरी कापड, त्याच्या हाताने चुण्या घालायच्या, वरून कमरेला पट्टा आवळायचा, उरलेलं खांद्यावर. १७४६ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने या डोंगरी पोशाखावर बंदीही घातली होती, ती १७८२ मध्ये उठली. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या चुण्या कायमच्या शिवून टाकायची पद्धत रुळली. आणि माप घ्यायची वेळ आली!

आज पूर्ण घेराच्या किल्टला ८ वार कापड धरतात. आपली ९ वार, त्यांची ८, फार फरक नाही. आणि घरी पहिला किल्ट शिवणारे नेमके कुठे चुकतात? तिथेच जिथे आपण चुकतो. रोजच्या पँटच्या कमरेचं माप घेतात, पण किल्ट बसतो त्याहून वर, बेंबीच्या आसपास किंवा थोडा वरती. त्याच्या प्लेट्स कमरेपासून सीटपर्यंतच शिवलेल्या असतात, खाली मोकळ्या. त्यामुळे कमरेपासून सीटपर्यंतचं उभं अंतर चुकलं तर प्लेट्स भलत्या जागी उघडतात. आणि लांबी तपासायची तिकडची जुनी रीत काय, तर गुडघे टेकून बसायचं आणि खालची कड जमिनीला लागते का ते बघायचं. म्हणजे तिथेही उभं राहून भागत नाही.

आता आपल्या मापांकडे.

तयारी: पाच मिनिटं

एक टेप, साधा ६० इंची. जुना असेल तर आधी स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासा. वापरून वापरून टेप ताणला जातो आणि त्याच्या टोकाची पत्री सुटली असेल तर पहिलाच अर्धा इंच गायब असतो. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. एकच बाजू ठरवा. अर्धी मापं इंचात आणि अर्धी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली वही मी स्वतः पाहिली आहे, माझीच होती.

एक नाडी, परकराची चालेल. पेन, वही. एक लाकडी खुर्ची किंवा स्टूल, गादीची नको. अंगात चापून बसणारी लेगिंग आणि नऊवारीवर घालणार तोच ब्लाउज. जीन्सवरून माप घेऊ नका, खिसे आणि शिवणी मिळून ते नक्की वाढतं.

आणि सोबत एक माणूस. स्वतःचं माप स्वतः घेताना आपण वाकून आकडा वाचतो, आणि वाकलो की माप बदलतं. पण हे माणूस तुमच्या पसंतीचं हवं. आई, बहीण, मैत्रीण, कोणीही, जिच्यासमोर तुम्हाला अवघडल्यासारखं होत नाही. आत्याची एक पद्धत मला फार आवडते. मांडी आणि आसनाचं माप घेताना टेप ती मुलीच्याच हातात देते. "तू धर, मी फक्त आकडा वाचते." घरी पण असंच करा.

मोबाइलचं काय? मोबाइलने माप घेणारी अ‍ॅप्स आहेत, पण ती सरळ रेषेसाठी ठीक, टेबल वगैरे मोजायला. गोल अंगावर त्यांचा भरवसा धरू नका. मोबाइल दुसऱ्याच कामाला फार उपयोगी आहे. तो बाजूला कपाटावर उभा ठेवा आणि व्हिडिओ चालू करा. टेप मागून खाली घसरलाय का, ते नंतर स्पष्ट दिसतं. बघून झालं की व्हिडिओ डिलीट करा.

पहिलं काम: नाडी बांधा आणि सोडू नका

एका बाजूला थोडं वाका. कमरेला जिथे घडी पडते ती तुमची कंबर. तिथे किंवा नऊवारी जिथे नेसायची ठरवली आहे तिथे नाडी बांधा, घट्ट नाही, फक्त घसरणार नाही इतपत. मग दोनदा खाली बसा, उठा, थोडं चाला. नाडी आपली जागा शोधते. ती जिथे थांबली, तीच नऊवारीच्या नेफ्याची जागा.

आता सगळी मापं होईपर्यंत ही नाडी काढायची नाही. उंची, आसन, गुडघा, पदर, सगळं याच नाडीपासून मोजायचं. एक माप बेंबीपासून आणि दुसरं दोन इंच खालून घेतलं, तर कागदावर सगळं सुंदर दिसेल आणि अंगावर काहीच जुळणार नाही.

ढोल वाजवणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट करा. ढोलाची दोरी कमरेवर जिथे येते तिथे हात लावून बघा. नाडीची गाठ नेमकी त्या दोरीखाली आली तर तासाभरात तिथे वळ उठतो. गाठ बाजूला घ्यायची हे आत्ताच वहीत लिहा.

आडवी मापं: प्रत्येक माप दोनदा

पानावर दोन रकाने आखा. एक 'उभं', एक 'बसून'.

कंबर. नाडीवरून टेप फिरवा, आत एक बोट ठेवा. श्वास नेहमीसारखा. आता खुर्चीवर बसून पुन्हा घ्या. माझी उभी २९, बसून ३१. दोन इंच! म्हणजे २९ वर पक्की शिवलेली पट्टी मला जेवायला बसताना काचणारच.

आणि इथे जरा थांबते. माप घ्यायला टेप पुढे आला की आपण पोट आत ओढतो. ठरवून नाही, आपोआप. कारण लहानपणापासून कोणी ना कोणी काहीतरी बोललेलं असतं. "सुटलीस हं," "जरा कमी खा," असं. मीही ओढलं होतं. आत्याने टेप बाजूला ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासमोर कशाला? मी काय मार्क द्यायला बसलेय? आता चोरलेला इंच मिरवणुकीत परत मागतील." आकडा म्हणजे कापडाला दिलेली माहिती. त्याच्यापुढे चांगलं-वाईट काही नसतं. पोट सोडा, मग वाचा.

पाळीच्या दिवसांत अनेकींचं पोट फुगतं आणि कंबर एखादा इंच वाढते. गणपतीची तारीख काही आपल्या सोयीने येत नाही. म्हणून पक्की पट्टी न शिवता नेफा आणि नाडी ठेवा.

सीट. पाय जुळवून उभ्या राहा. मागचा सगळ्यात भरलेला भाग जिथे आहे तिथून टेप, जमिनीला समांतर. बहुतेकींचं हे ठिकाण नाडीपासून सात ते नऊ इंच खाली येतं. ते अंतरही लिहा. मग बसून परत घ्या. माझी उभी ३८, बसून साडेचाळीस.

हा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. नऊवारी पायातून वर चढवायची असेल, तर नेफ्याचा पूर्ण उघडलेला घेर सीटपेक्षा मोठा हवा. नेफा कमरेच्या मापाचा ३१ इंच ठेवला आणि सीट ३८ असली तर ती मांड्यांवरच अडकून बसेल. म्हणजे नेफा सीटच्या मापाचा, आणि आवळायला नाडी. किंवा बाजूला उघड ठेवून हूक लावायचे. यातलं काय करणार ते आत्ताच ठरवा.

मांडी. आसनाच्या लगेच खाली, सगळ्यात जाड भागावर. उभं राहून आणि मग मांडी घालून बसून. माझी २२ आणि साडेतेवीस.

गुडघा. सरळ पायाने आणि पूर्ण दुमडून. माझा साडेचौदा आणि सोळा.

पोटरी आणि घोटा. ही एकदाच घेतली तरी चालतात. पण त्यासोबत टाच घ्या. टाचेच्या टोकापासून पावलाच्या उंचवट्यावरून गोल टेप फिरवा, चुडीदार शिवताना घेतात तसा. माझा घोटा ९ आणि हे माप साडेबारा. घोट्याच्या मापाची मोहरी शिवली तर पाऊलच आत जाणार नाही. एकतर मोहरी साडेबारापेक्षा मोठी, नाहीतर खाली चीर आणि हूक. घाईत शिवणाऱ्या निम्म्या जणी इथे उसवत बसतात, असं आत्या म्हणते.

उभी मापं

पूर्ण उंची. नाडीपासून, बाजूने, सीटच्या गोलाईवरून जमिनीपर्यंत. मग ठरवा, काठ कुठे यायला हवा? मिरवणुकीत पायाखाली येऊ नये म्हणून घोट्याच्या जरा वर ठेवलेला बरा. माझी जमिनीपर्यंत ३९, मी ३७ धरली. कोल्हापुरी चप्पल घालणार असाल तर ती घालूनच मापा. अनवाणी वाजवणार असाल तर अनवाणी.

नाडी ते गुडघा. हे लोक विसरतात. मांडीकडचा सैलपणा कुठे संपवायचा आणि पाय कुठून निमुळता करायचा, ते यावर ठरतं.

आसन: ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप

हे माप तीन वेळा घ्यायचं.

एक, आसनाची खोली. लाकडी खुर्चीवर ताठ बसा. बाजूने नाडीपासून खुर्चीच्या पाटापर्यंत. माझं साडेदहा.

दोन, पूर्ण आसन, उभं राहून. टेप पुढे नाडीवर धरा, दोन पायांच्या मधून मागे न्या, मागच्या नाडीपर्यंत. टेप स्वतः धरा. ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. माझं २७.

तीन, पूर्ण आसन, उकिडवं बसून. टेप तसाच ठेवून हळूच खाली बसा, शेतात किंवा नळाखाली भांडी घासायला बसतो तसं. मागची बाजू ताणली जाते, टेप हातातून सरकतो. सरकू द्या, आणि मग वाचा. माझं ३०.

तीन इंचांचा फरक. मागच्या वर्षी 'चर्र' झालं ते या तीन इंचांमुळे. फ्री साइज शिवणाऱ्याचं यात काही चुकलं नव्हतं. त्याच्या मनातली बाई उभी होती, एवढंच.

शिवताना उकिडव्याचं माप धरायचं आणि त्यावर आणखी दीडदोन इंच सैल ठेवायचं. खूप सैल वाटेल? वाटू दे. मागे काष्ट्याच्या निऱ्या येतात, त्यात तो सैलपणा दिसत नाही. नऊवारीचं हे मोठं सुख आहे, की जिथे जागा लागते तिथेच चुण्या असतात.

निऱ्या आणि पदर: इथे अंगासोबत कापडही मोजायचं

एक निरी पाच इंच रुंद दिसायला हवी असेल तर तिला दहा इंच कापड लागतं, पाच जायला, पाच यायला. सात निऱ्या म्हणजे ७० इंच.

पदरासाठी टेप उजव्या बाजूला नाडीवर धरा, छातीवरून तिरका डाव्या खांद्यावर, तिथून मागे जिथपर्यंत पदर हवा तिथपर्यंत. मी गुडघ्याच्या मागपर्यंत घेतला, ६६ इंच. मग हात डोक्यावर न्या, वाजवल्यासारखे हलवा. पदर वर ओढला जातो. म्हणून चार इंच जास्त धरले, ७०. ताशा वाजवणाऱ्यांनो, तुमचा पट्टा गळ्यातून येतो, तर पदराची पिन कुठे लागणार ते पट्टा घालून बघा.

आता बेरीज. निऱ्या ७०, पदर ७०, झाले १४०. नऊवारीचे ३२४ इंच, त्यातून १४० गेले, उरले १८४. म्हणजे दोन पाय आणि काष्टा यांच्यासाठी पाच वारांहून थोडं जास्त. भरपूर आहे. पण सहावारीतून शिवताय? ब्लाउजपीस सोडून साडेपाच मीटर साडी असेल तर साधारण २१६ इंच. त्यातून १४० वजा केले की ७६ उरतात, आणि त्यात पाय तंग होतील. मग निऱ्या पाचवर आणा, म्हणजे ५०, आणि पायांना ९६ मिळतात. ही आकडेमोड कापड पसरण्याआधी वहीत करायची. मी मागे एकदा उलटं केलं होतं. निऱ्या अप्रतिम पडल्या आणि डावा पायच उरला नाही.

आणि कापड सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मोजा. शंभर इंचाला तीन इंच आटलं, तरी नऊ वारांत जवळपास दहा इंच जातात. म्हणजे एक अख्खी निरी.

माया

शिवणकामात मला सगळ्यात आवडणारा शब्द. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. 'जरा माया ठेव,' असं. आणि हे सैलपणापेक्षा वेगळं आहे, गल्लत करू नका. सैलपणा हालचालीसाठी, तो अंगाला रोज लागतो. माया पुढच्या वर्षासाठी, ती आत दुमडून राहते.

तुम्ही सतरा-अठराच्या असाल तर अंग अजून बदलतंय. बाजूच्या शिवणीत दीड इंच आणि खाली दोन इंच माया ठेवा. पहिल्याच नऊवारीत तर ठेवाच, कारण पहिल्यांदा आपल्या हातून चूक होणार हे गृहीत धरलेलं बरं. जास्तीचं कापड आत असलं तर चूक उसवून सुधारता येते. कापून टाकलं की संपलं.

शेवटची परीक्षा: जुनी चादर

चांगल्या कापडाला हात लावण्याआधी जुन्या चादरीचा फक्त वरचा भाग बेतून घ्या, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. धावदोरा घाला, मशीनची गरज नाही. ते घालून हे करा: दहा वेळा उकिडवं बसा. मांडी घालून पाच मिनिटं मोबाइल बघा, ते आपल्याला जमतंच. जिना चढा. गाडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. ढोल असेल तर बांधून वाका. जिथे ओढलं जातं तिथे पेनाने खूण करा आणि वहीतला आकडा बदला.

चादर फाटली तर आनंद माना. शंभर रुपयांत शिकलात.

मुलांसाठी एक वाक्य. शिवलेलं धोतर शिवताय तर हीच यादी, हाच क्रम. निऱ्या आहेत, काष्टा आहे, आसन आहे. पदर तेवढा वगळा.

स्क्रीनशॉटसाठी यादी

नाडी बांधून, सगळं इंचात:

१. कंबर: उभं / बसून
२. सीट: उभं / बसून, आणि नाडी ते सीट अंतर
३. मांडी: उभं / मांडी घालून
४. गुडघा: सरळ / दुमडून
५. पोटरी, घोटा, टाचेवरून गोल
६. पूर्ण उंची (पायात जे घालणार ते घालून)
७. नाडी ते गुडघा
८. आसनाची खोली (लाकडी खुर्चीवर)
९. पूर्ण आसन: उभं / उकिडवं
१०. पदर: उजवी नाडी ते डावा खांदा ते मागे, अधिक चार इंच
११. निऱ्या किती, प्रत्येक किती रुंद, गुणिले दोन
१२. कापडाची लांबी, भिजवून वाळवल्यावर

वर तारीख घाला. पुढच्या वर्षी हाच कागद न वापरता नवीन मापं घ्या.

जाता जाता. यंदाची माझी नऊवारी मी याच मापांवर शिवली. आजीला घालून दाखवली. तिने निऱ्यांकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "खाली बस." बसले. "वाकून ते सूप उचल." उचललं. "आता पळत दारापातूर जा." गेले आणि आले. मग कुठे ती म्हणाली, "हां. हे लुगडं हाय."

तुमच्या मापांत काही अडलं तर मेसेज करा, आकडे नको, फक्त प्रश्न पाठवा. आकडे तुमचेच राहू देत. पुढच्या भागात कटिंग. तोवर कात्री लांब ठेवा, टेप जवळ ठेवा. भेटूच!